नर्सच, पण भूल देणारी

अमेरिकेत माझी ओळख तीन प्रकारे करून दिली जायची. नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत, "माझी मिसेस, हेल्थकेअरमध्ये आहे." मराठी मंडळात, "या मेडिकल लाइनमध्ये आहेत." आणि हॉस्पिटलात, जिथे मी खरोखर काम करायचे, तिथे, "बेड फोरची नर्स." तिसरी ओळख खरी होती. तिचा संकोच वाटायचा तो फक्त पहिल्या दोन ठिकाणच्या लोकांना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बॉथेलला एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा रेडमंडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळायचा आणि घरी तो ते काम फुकटात करायचा. मुलगी सात वर्षांची होती. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी नागपूरहून नर्सिंगची डिग्री घेऊन आले होते आणि सहा वर्षं आयसीयूमध्ये होते.

एका सकाळी माझ्या पेशंटचा श्वास कोंडायला लागला. दोन तरुण रेसिडेंट डॉक्टर त्याच्या घशात नळी घालायचा प्रयत्न करत होते आणि एकमेकांना सूचना देत होते. मॉनिटर ओरडत होता. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरकडून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी आधी त्या अर्धवट शुद्धीतल्या माणसाला "गुड मॉर्निंग" म्हटलं, मग रेसिडेंटांना म्हणाल्या, "जरा सरका." वीसेक सेकंदांत नळी आत. मी औषधं आधीच भरून ठेवली होती, ब्लडप्रेशर सांगितलं, कुठलं ड्रिप किती वेगाने चालू आहे ते सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू इथे किती वर्षं आहेस?"

"सहा."

"मग अजून इथे काय करतेस?"

मला वाटलं, रागावल्या. तसं नव्हतं. त्या स्वतः नर्स होत्या. भूल देणाऱ्या नर्स. मी बघतच राहिले. आमच्या नागपूरच्या कॉलेजात भूल द्यायचे ते डॉक्टर साहेब, आणि त्यांचं स्टूल कुठे ठेवायचं एवढंच नर्सने बघायचं. इथे आयसीयूतल्या अनुभवी नर्सने दोन-सव्वादोन वर्षांचा मास्टर्सचा कोर्स केला की ती स्वतः भूल देते. बाईंनी एका कागदी नॅपकिनवर मला यादी लिहून दिली: डिग्रीचं मूल्यांकन, जीआरई परीक्षा, तीन शिफारसपत्रं, निबंध, इंटरव्ह्यू. त्या ज्या विद्यापीठात शिकल्या होत्या त्याचं नावही लिहिलं. ते दुसऱ्या राज्यात होतं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग अप्लाय करून टाक ना यार." फ्रीजमधली भेंडी संपवून टाक म्हणतात तसं.

मुलीला मी समजावून सांगितलं की आई आता लोकांना झोपवायला शिकणार. तिचे डोळे मोठे झाले. "यू मीन, पुट देम टू स्लीप? लाइक द व्हेट डिड टू द नेबर्स डॉग?"

तिसरी प्रतिक्रिया मंडळातल्या काकूंची. या काकू पुण्याच्या. अमेरिकेत येऊन पंचवीसेक वर्षं झालेली, त्यामुळे आसपासच्या चार गावांतली मराठी माणसं आपल्या देखरेखीखाली आहेत असा त्यांचा समज होता, आणि तो कोणी खोडूनही काढला नव्हता. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "नागपूरच्या म्हणजे नक्की कुठल्या?" मी वस्ती सांगितली. मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर कोडं सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि त्या एकदम फार गोड बोलायला लागल्या. "आम्ही असलं काही मानत नाही हं," हे मी काहीही न विचारता त्यांनीच सांगितलं. पुढे एकदा माझ्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "आमच्यातल्या मुलींना नाही गं जमत ते, बेडपॅन वगैरे. तुमच्यात चालतं ना?"

मी म्हटलं, "काकू, बेडपॅनमध्ये सगळ्यांचं सारखंच असतं."

"अगं तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या.

तर भूल द्यायच्या कोर्सचं कळल्यावर त्यांनी ताटातली पुरणपोळी बाजूला सारून विचारलं, "म्हणजे एवढं शिकून परत नर्सच? त्यापेक्षा डॉक्टर का नाही होत?"

मी काही बोलले नाही. तेव्हा मी न बोलणारी होते. हे पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सगळ्यात आधी डिग्रीची कागदपत्रं हवी होती. इथल्या मूल्यांकनवाल्यांचं म्हणणं असं की मार्कशीट कॉलेजने स्वतः, सीलबंद पाकिटात, थेट त्यांच्याकडे पाठवली पाहिजे. माझ्या हातची चालणार नाही, कारण मी त्यात फेरफार करीन. मी नागपूरला बाबांना फोन केला. बाबा कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "उद्याच जातो."

पुढच्या रविवारी फोनवर रिपोर्ट आला. "तो बाबू म्हणते, असं पाकीट परदेशात पाठवायचा नियम नाही. मी म्हटलं, नाही पाठवायचा असा नियम आहे का? तर तो पुस्तकात पाहू लागला."

त्याच्या पुढच्या रविवारी: "नियम भेटला नाही त्याले. आता म्हणते, अमेरिकेचं पत्र पाहिजे. मी दाखवलं. तं म्हणते, हे फॅक्स आहे, ओरिजिनल नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी तिथंच बसतो. डबा नेतो सोबत. तो म्हणते काका, घरी जा. मी म्हणतो, रिकामाच आहो, घरी बसलो काय अन् इथं बसलो काय."

अकरा दिवस बाबा त्या बाकावर बसले. रोज एक नवा अर्ज, स्वच्छ अक्षरात, तारीख, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतलेली. बाराव्या दिवशी बाबूने पाकीट केलं, लाखेचं सील लावलं, आणि बाबांना म्हणाला, काका, आता तुम्ही आले नाही तर करमणार नाही. हे सांगताना बाबा खूप हसले. आमच्या वस्तीत शिकणं म्हणजे निम्मा धर्मच होता. विहारात रविवारची वंदना संपली की कोण कितवीत गेलं, कुणाला किती मार्क पडले याची जाहीर चौकशी व्हायची आणि कमी मार्कवाल्यांना पळायला दार एकच होतं. अशा माणसाला एक बाबू काय थकवणार?

पाकीट पोचलं. मूल्यांकनवाल्यांनी उघडलं आणि कळवलं की माझ्या डिग्रीत रसायनशास्त्र पुरेसं दिसत नाही. म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात एक टर्म केमिस्ट्रीला बसले. माझ्या शेजारी अठरा वर्षांची मुलं. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "आर यू द टीचर?" दुसऱ्या दिवसापासून माझं होमवर्क कॉपी करायला लागला.

जीआरईसाठी जे इंग्रजी पाठ केलं ते मी आजतागायत कुठल्या अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नवरा बसमध्ये बसून शब्दांच्या चिठ्ठ्या करायचा. प्रत्येक शब्द लक्षात ठेवायला मी एकेक माणूस धरला. 'ऑब्सीक्वियस' म्हणजे लाळघोटा, त्यासाठी मंडळाचे सेक्रेटरी. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, त्यासाठीही तेच. त्या माणसामुळे माझी निम्मी डिक्शनरी झाली.

शिफारसपत्रांपैकी एक आमच्या युनिटच्या मॅनेजर बाईंचं हवं होतं. बाई प्रेमळ होत्या, पण मला सोडायची त्यांची तयारी नव्हती, कारण ख्रिसमसला, थँक्सगिव्हिंगला आणि लाँग वीकएंडला हक्काने ड्यूटी लावता येईल अशी मी एकटीच होते. तीन आठवडे त्या "लिहिते, लिहिते" म्हणत होत्या. शेवटी लिहिलं आणि मोठ्या कौतुकाने मला एक प्रत दिली. त्यात लिहिलं होतं: ही कधीही तक्रार करत नाही. कुठलीही शिफ्ट दिली तरी नाही म्हणत नाही. सगळ्यांशी जमवून घेते. मला वाचताना वाटलं, हे कुठल्या तरी वॉशिंग मशीनचं वर्णन आहे. पण मी "थँक यू सो मच" म्हटलं आणि घरी आले.

आणि मग निबंध. 'तुम्हाला या व्यवसायात का यायचं आहे?' दोन पानं.

आधी नवऱ्याने एक मसुदा केला. त्यात 'उद्दिष्टे' आणि त्याखाली ठिपके होते. तो मी ठेवून दिला. मग माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स म्हणाली, "हनी, तू इंडियाची आहेस. तुझ्याकडे स्टोरी आहे. पॉव्हर्टी, कास्ट, सगळं लिही. दे लव्ह दॅट." मी बसले लिहायला. आणि सांगते, एकदा रडकं लिहायला लागलं की हात थांबत नाही. मी लिहिलं की रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मी अभ्यास केला. आमच्या घरात लाइट होती. गेली तर बाबा कंदील लावायचे. रस्त्याच्या दिव्याखाली मी आयुष्यात एकदाच बसले होते, तेही आईशी भांडून. मी लिहिलं की लहानपणी औषधाविना तडफडणारी माणसं बघून मी नर्स व्हायचं ठरवलं. खरं म्हणजे माझ्या मैत्रिणीने फॉर्म भरला होता म्हणून मी भरला. आणि सगळ्यात शेवटी, परिणाम साधावा म्हणून, लिहिलं: माझे वडील, एक अशिक्षित मजूर.

नवऱ्याने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बाबा अशिक्षित आहेत?"

"तसं नाही रे. इथल्या लोकांच्या मानाने."

"इथल्या लोकांच्या मानाने?"

"उद्या शेवटची तारीख आहे," मी म्हटलं, आणि पाकीट चिकटवलं.

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. विमानाने गेले. नवा निळा सूट घातला होता आणि त्याच्या खांद्यात इतके पॅड होते की दारातून जाताना मी जरा तिरकी होत होते. समोर दोन माणसं: कोर्सच्या डायरेक्टर बाई, स्वतः भूल देणाऱ्या नर्स, उंच आणि कमी बोलणाऱ्या, आणि एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, ज्यांच्या टायवर बदकं होती.

डॉक्टरांनी माझा निबंध हातात घेतला. "फार इन्स्पायरिंग," ते म्हणाले. "तुझे वडील... तू काय काम करतेस, हे त्यांना कळतं का?"

मला अकरा दिवसांचे अकरा अर्ज आठवले. विषय, संदर्भ, आपला विश्वासू. त्यांच्या पोचपावत्या बाबांनी तारीखवार फायलीत लावल्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच या टेबलावर माझी मार्कशीट पडली होती. मी म्हटलं, "यस सर, थोडंफार कळतं."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. बदकं माझ्याकडे बघत होती.

मग डायरेक्टर बाईंनी विचारलं, "बायपास होऊन आलेला पेशंट आहे. ब्लडप्रेशर झपाट्याने खाली येतंय, छातीच्या ड्रेनमध्ये अचानक काहीच येत नाहीये. तू काय करशील?" उत्तर मला तोंडपाठ होतं. ड्रेनची नळी तुंबलीय आणि हृदयाभोवती रक्त साचतंय. काय तपासायचं, काय चालू करायचं, काय तयार ठेवायचं, हे मी प्रत्यक्षात तीनदा केलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मी डॉक्टरांना कळवीन."

"आणि ते येईपर्यंत?"

"परत कळवीन."

बाईंनी फाइल मिटली. आवाजही झाला नाही.

नकाराचं पत्र महिन्याने आलं. यंदाचे उमेदवार असामान्य गुणवत्तेचे होते, असं त्यात होतं. नवऱ्याने पाठ थोपटली. त्या भूल देणाऱ्या बाईंना मी कँटीनमध्ये सगळं सांगितलं, निबंधासकट. मला वाटलं, त्या सांत्वन करतील. त्यांनी सूप संपवलं आणि म्हणाल्या, "मी असते तर मीही घेतलं नसतं. मला निबंधातली बिचारी नको होती. त्या दिवशी मी यायच्या आधी औषधं भरून उभी असलेली ती नर्स कुठे होती?"

त्याच वर्षी उन्हाळ्यात काकूंचं पित्ताशय काढायचं ठरलं, नेमकं आमच्याच हॉस्पिटलात. काकूंचा फोन आला. "अगं, जरा लक्ष ठेव. आणि भूल द्यायला चांगला डॉक्टर असू दे. ते नर्स-बिर्स नको हं. तुझं वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "नाही वाटून घेत."

ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांना भेटायला गेले. भूल देणाऱ्यांच्या यादीत माझ्या त्याच बाईंचं नाव होतं. त्या माझ्यासमोरच आल्या आणि नियमाप्रमाणे आपलं पूर्ण नाव सांगून म्हणाल्या, "मी नर्स ॲनेस्थेटिस्ट आहे. आज मी तुमची काळजी घेणार. काही शंका?" काकूंनी त्यातला फक्त 'ॲनेस्थेटिस्ट' ऐकला. कुंकू पुसायला लावलं म्हणून त्या नाराज होत्या, पण बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, आणि काकू मराठीत म्हणाल्या, "तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही."

दुपारी काकू उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज थोडा बसलेला, बाकी ठणठणीत. "काय हुशार डॉक्टर गं! उलटी नाही, चक्कर नाही. डोळे मिटले आणि उघडले. असे डॉक्टर आपल्याकडे नाहीत."

"काकू, त्या नर्स आहेत."

"छे गं."

"खरंच. मी जो कोर्स करणार आहे ना, तोच केलाय त्यांनी."

काकूंनी माझ्याकडे अतिशय कनवाळूपणे पाहिलं. "तुला माहीत नसेल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच होत्या. माणूस कळतो मला."

मी हे बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "जाग आली ना तिला? मग तिला जे म्हणायचं ते म्हणू दे." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. मी मात्र त्या दिवशी फार चिडले होते, काकूंवर कमी आणि स्वतःवर जास्त. काकूंना निदान आपलं म्हणणं मोठ्याने सांगता येत होतं.

दुसऱ्या वर्षी मी परत अर्ज केला. आधी मॅनेजर बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "गेल्या वर्षी तुम्ही लिहिलंत की मी तक्रार करत नाही. ते काढा."

"पण ती स्तुती होती!"

"मला माहीत आहे. काढा."

"मग काय लिहू?"

"नव्या रेसिडेंटने पोटॅशियमचा डोस चुकीचा लिहिला होता, आणि मी तो द्यायला नकार दिला होता. त्याने आवाज चढवला तरी दिला नाही. ते लिहा."

बाईंनी समोर कागद ओढला. त्या दिवशी त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की थोडं गोडीने बोलायला हवं होतंस. त्यांनाही ते आठवलं असावं. "लिहिते," त्या म्हणाल्या. आणि या खेपेला दोन दिवसांत लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. फक्त जाता जाता विचारलं, "पण या थँक्सगिव्हिंगला आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं. मला वाटतं, आयुष्यातला तो माझा पहिला सुटा 'नाही' होता, मागेपुढे काही न जोडलेला.

निबंध मी नव्याने लिहिला. त्यात पोटॅशियम होतं, ती नळीची सकाळ होती, आणि एका परिच्छेदात बाबा होते: कॉलेजच्या बाकावर बसलेले, रोज अर्ज लिहिणारे. हा निबंध आधीच्यापेक्षा अर्धा होता. नवऱ्याने वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिला.

इंटरव्ह्यूला तीच दोन माणसं. डॉक्टरांच्या टायवर या वेळी गोल्फच्या काठ्या होत्या, आणि गेल्या वर्षीची मी त्यांना अजिबात आठवत नव्हते. ते म्हणाले, "तुझे मार्क चांगले आहेत. मग तू मेडिकल स्कूलला का जात नाहीस?"

हा प्रश्न बॉथेलच्या पुरणपोळीपासून इथपर्यंत माझा पाठलाग करत आला होता. मी म्हटलं, "कारण मी नर्स आहे आणि मला भूल द्यायची आहे. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला कोणी विचारतं का की तुम्ही नर्स का नाही झालात?"

डायरेक्टर बाईंनी खाली बघितलं. डॉक्टर हसले, पण उशिरा. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. "तुझा ॲक्सेंट आहे. पेशंट घाबरलेला असतो. त्याला तुझं बोलणं कळेल का?"

"तुम्हाला आतापर्यंतचं कळलंय का?"

"हो."

"आणि तुम्ही तर घाबरलेलेही नाही."

यानंतर बाईंनी तोच ड्रेनचा प्रश्न विचारला. शब्दन् शब्द तोच. मी क्रमाने सांगत गेले: ड्रेन मोकळा आहे का ते बघीन, रक्त आणि सलाईन चालू करीन, छाती उघडायची ट्रॉली बेडशेजारी आणीन, आणि हे करता करताच सर्जनला बोलवीन. "आणि त्यांना 'येता का' असं विचारणार नाही," मी म्हटलं. "या म्हणून सांगीन."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर बघितलं तर सुटाचा एक पॅड काखेत घसरला होता.

आता इथे मला सरळ निवड झाली असं सांगायला आवडलं असतं. झाली नाही. मला वेटिंग लिस्टवर ठेवलं. पहिला नंबर, पण वेटिंग. मंडळात काकूंनी ते जाहीर केलं. "रिझर्वेशनमध्ये आहे का गं?" त्यांनी चारचौघांत विचारलं. मी म्हटलं, "नाही काकू, तिकीट खिडकीवर उभी आहे." कोणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांना या वेळी कळलं होतं.

कोर्स सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना सकाळी फोन वाजला. डायरेक्टर बाई स्वतः बोलत होत्या. एक जागा रिकामी झाली होती. निवड झालेल्या एका मुलाला आयत्या वेळी मेडिकल स्कूलला प्रवेश मिळाला होता आणि तो डॉक्टर व्हायला निघून गेला होता. "तुला यायचंय का?" बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं की तारीख, वेळ, काही विचारलंच नाही. परत फोन केला. बाई म्हणाल्या, "वाटच बघत होते."

नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "ग्रेट. एक मोठा बग आलाय, नंतर बोलतो." मी थोडी खट्टू झाले. दीड तासाने दारावर टकटक. हा माणूस दुपारी, भर पावसात, दोन बस बदलून आला होता, कारण त्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. चिंब भिजला होता. "बगचं काय?" मी विचारलं. "असू दे तो," म्हणाला. लग्नाला दहा वर्षं उलटून गेली होती, आणि त्याच्याकडून एखादी चूक न सुधारता सोडून दिलेली मी पहिल्यांदा बघत होते.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाकीट कामी आलं मग?" दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ते त्या बाबूकडे गेले, हे मला आईकडून कळलं.

ठरलं असं की मुलगी आणि नवरा बॉथेललाच राहतील आणि मी महिन्यातून एकदा येईन. हे कळल्यावर मंडळातल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "त्याच्या जेवणाचं काय?" मुलीचं विचारणाऱ्या दोघी, माझ्या जेवणाचं विचारणारी एकही नाही. पुढची सव्वादोन वर्षं त्या बायकांनी माझ्या नवऱ्याला आळीपाळीने डबे पाठवले. मी सुट्टीला यायचे तेव्हा फ्रीज उघडून उभ्या उभ्या खायचे. त्याचं वजन वाढलं, माझं उतरलं, आणि काकूंच्या मते त्यात त्याचेच हाल झाले.

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही चौदा जण होतो. डायरेक्टर बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्यापैकी एकजण आज पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडेल. ते ठीक आहे. फक्त उद्या सकाळी सहा वाजता इथे या." मी मनात म्हटलं, मी नक्की नाही. दोन वर्षं अर्ज केलेत, आता रडायला फुरसत कुणाला आहे?

पहिल्या दिवशी मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी रबराच्या पुतळ्याच्या घशात नळी घालायला दिली. माझी नळी तीनदा त्याच्या पोटात गेली. पोट टम्म फुगलं. मागे उभा असलेला एक आडदांड विद्यार्थी, आधी सैन्यात मेडिक होता, तो म्हणाला, "त्याला भूक लागली असेल." सगळे हसले. मीही हसले, आणि सुटल्यावर गाडीत जाऊन बसले.

चांगली वीस मिनिटं रडले. मग खिडकीवर टकटक झाली. तोच मेडिक. त्याचे डोळेही लाल होते. म्हणाला, "माझी पाचदा गेली," आणि अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं. त्यात हॅम होतं, मी डुक्कर खात नाही. पण भूक इतकी लागली होती की हॅम काढून त्याला परत दिलं आणि नुसता ब्रेड खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दोघंही दारात होतो.